राहिलेली चिठ्ठी

दयानंद: बोलंना झालंय हे, स्वप्नाली. मघापासून कळा दाबून राहिलो. खिडकीचं नाव तेवढं सांगतंय अन् गप. आत कोड हाय का अंबाडीची भाजी, काही कळंना.

स्वप्नाली: आधी चहा घेताव का? स्टेशनावरनं तसंच वर आलाव तुम्ही.

दयानंद: चहा कुठं पळून चालला? मी शनिवारी मुदखेडला घरी गेलो तवा हा लॅपटॉप सासुरवाडीच्या म्हातारीवानी बोलत होता. एका सुट्टीत याची वाचा कशानं बसली?

स्वप्नाली: अण्णा येतील आता. त्यांनाच इचारा की.

दयानंद: महांतेशअण्णा मालक हायत. लॅपटॉपला हात तू लावतीस. काय केलंस ते तू सांग.

स्वप्नाली: नवा एडिटर टाकलाय. सगळ्यांच्याच मशीनवर. जुने काढले.

दयानंद: काढले? माझा पण?

स्वप्नाली: अण्णा म्हणाले, तिघं तीन एडिटरमधी कोड लिहिताव. एकाचं दुसऱ्याच्यात उघडलं की सगळी मांडणी उसकटती. तवा एकच ठेवू. अन् त्या कोडचं ॲप बांधून देणारं बिल्ड टूल पण एकच.

दयानंद: ठेवा की एकच. मी कवा नको म्हणलं? पण पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षापासून मला दिसत न्हाई, हे खालच्या दुकानातल्या हमालाला पण ठाऊक हाय. मशीन वाचून दाखवतंय, मी कानानं ऐकतो, मग लिहितो. जो एडिटर तोंडच उघडत न्हाई, त्याचं मी काय करू? हळद-कुंकू लावू?

स्वप्नाली: तपासलं होतं मी. आवाज चालू करून बघितलं. मेनू सगळे बोलायलते. फाइल, एडिट, समदं.

दयानंद: मेनू बोलत होते! लग्नाला गेलीस, मांडवाची कमान बघितलीस अन् घरी येऊन सांगितलंस, जेवण झ्याक होतं.

स्वप्नाली: असं टोचून नका बोलू, दयाभाऊ. मुद्दाम केलं का मी?

दयानंद: मुद्दाम केलं असतंस तर भांडता तरी आलं असतं. आता तुझ्याशी भांडू का या मुक्या डबड्याशी?

महांतेश: काय गोंधळ आहे? जिन्यापर्यंत आवाज यायलाय. खाली दुकानात आमचे अप्पा पेंडीचं गिऱ्हाईक सोडून वर बघायलेत. दया, आलास? बरं झालं. तुझ्याशी बोलायचंच होतं. बस.

दयानंद: बसलेलाच हाय, अण्णा. सकाळपासून बसूनच राहिलो. दुसरं करण्यासारखं ठेवलंय काय तुम्ही?

महांतेश: अरे, चिडू नको. हे सगळं प्रोजेक्टसाठी आहे. पुण्याला मी होतो त्या कंपनीत सगळी टीम एका एडिटरवर, एका बिल्ड टूलवर. कुणाची कटकट नाही. इथं आपण तीन माणसं अन् तेरा तऱ्हा. सोयाबीनची काढणी तोंडावर आली. चाकूरच्या शेतकरी गटाला मळणीयंत्राच्या पाळीचं ॲप द्यायचंय. तो गटाचा अध्यक्ष रोज फोन करून जीव खायलाय.

दयानंद: खाणारच. पाडव्याला देतो म्हणला होता तुम्ही. तवापासून कोड कमी अन् हत्यारंच जास्ती बदलून राहिलो आपण. लगीन ठरंना अन् मांडवाचे खांब तिसऱ्यांदा उपटले.

महांतेश: म्हणूनच म्हणतोय, आता शेवटचं. हे फायनल. अन् तुझी काळजी करू नको, तुझा विचार केलाय मी. तुझ्यासाठी स्पेशल रोल काढलाय.

दयानंद: कसला?

महांतेश: सपोर्ट. ॲप सुरू झालं की शेतकऱ्यांचे फोन येणार. माझी पाळी कवा, यंत्र कुठपर्यंत आलं, माझं नाव खाली का गेलं. ते सगळं तू सांभाळायचं. आवाज गोड आहे तुझा, बोलणं गावाकडचं आहे, माणूस पटकन तुझं ऐकतो. सपोर्टचा हेड तू.

दयानंद: अन् माझा कोड? यंत्राच्या पाळीचा?

महांतेश: तो स्वप्नाली पुढं नेईल.

दयानंद: हाव. म्हणजे नांगर तिच्या हातात अन् मला बैलाच्या गळ्यातली घंटी.

महांतेश: तू प्रत्येक गोष्टीचा उलटा अर्थ काढायलास. तुला त्रास होऊ नये म्हणून केलं मी.

दयानंद: अण्णा, माझे डोळे गेले तवा सगळी भावकी जमली होती. मामानं ठरवलं, पोराला टेलिफोनवर बसवा. चुलता म्हणला, नाहीतर मुदखेडच्या स्टेशनावर गाड्या पुकारू द्या, जंक्शन हाय, दिवसभर काम राहील. आंधळ्याला आवाज असतोय, मग त्याला आवाजाचंच काम! मला कुणी इचारलं न्हाई, बाबा, तुला काय करावं वाटतं. त्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून मी कानात वायर घालून कोड शिकलो. अन् तुम्ही मला फिरवून फिरवून परत मामाच्या ओट्यावर आणून बसवलं.

महांतेश: मी तुझा मामा नाही, दया.

दयानंद: मामा बरा. तो तोंडावर तरी म्हणला. तुम्ही मी गावाला गेलो तवा ठरवलं. कवा झाली ही बैठक?

स्वप्नाली: बैठक न्हाई झाली, दयाभाऊ.

दयानंद: मग ठरलं कसं? आभाळातनं पडलं?

महांतेश: चिठ्ठ्या टाकल्या.

दयानंद: कशाच्या?

महांतेश: एडिटर अन् बिल्ड टूलच्या. शनिवारी, दुकान बंद करताना. अप्पांच्या देवापुढं.

दयानंद: काय सांगता काय! सॉफ्टवेअरच्या चिठ्ठ्या? वडलांच्या महादेवापुढं?

महांतेश: हसू नको. तू हसायला मोकळा आहेस, निर्णय मला घ्यावा लागतो. अप्पा म्हणाले, हे एडिटर-एडिटर काय लावलंय रोज? मी सांगितलं, अप्पा, एडिटर म्हणजे लिहायची पाटी अन् बिल्ड टूल म्हणजे गिरणी, आपण लिहिलेलं दळून पीठ देणारी. तर म्हणाले, मग एक पाटी अन् एक गिरणी ठरवायला वर्ष लागतंय का? तुझ्याच्यानं ठरंना तर देवावर सोड. अन् खरंच माझ्याच्यानं ठरंना झालंय, दया. पुण्यात ठरवणारा कुणीतरी वर होता. इथं माझ्या वर नुसते पत्रे आहेत. हे घेतलं की वाटतं ते बरं होतं. रोज सकाळी उठून मोबाईलवर बघतो, नवीन काय आलंय, आपण मागं तर पडलो नाही. डोक्याचा भुगा झालाय. आमच्या धाकट्या शिवांशला बोलावलं, त्यानं एक चिठ्ठी उचलली, सुटलो एकदाचा.

दयानंद: सुटला. बरं. माझ्या एडिटरची चिठ्ठी पण होती ना त्यात? निघाली न्हाई, एवढंच ना? असू दे. नशीब म्हणू.

महांतेश: तू आधी चहा घे, दया.

दयानंद: स्वप्नाली, चिठ्ठ्या कुणी लिहिल्या?

स्वप्नाली: मी.

दयानंद: मग तू सांग. होती का?

स्वप्नाली: न्हाई.

दयानंद: काय न्हाई?

स्वप्नाली: तुमची चिठ्ठी न्हाई लिहिली, दयाभाऊ. राहिली.

महांतेश: राहिली नाही. मीच म्हणालो, नको लिहू. हा फोनवर जाणार, मग याची चिठ्ठी टाकून काय उपयोग?

दयानंद: वा रे वा! मला फोनवर का टाकलं, तर नव्या एडिटरमधी याला जमत न्हाई. अन् माझी चिठ्ठी का टाकली न्हाई, तर हा फोनवर जाणार. अण्णा, तुम्ही तर कोंबडीच्या आधी अंडं अन् अंड्याच्या आधी कोंबडी, दोन्ही कापून खाल्ली!

महांतेश: आवाज खाली ठेव. खाली अप्पा आहेत.

दयानंद: कसा ठेवू? तुम्हीच तर म्हणला, आवाज गोड हाय. ऐकू द्या अप्पाला पण! महिन्या-महिन्याला गिरणी बदलता अन् मी प्रत्येक वेळी नव्यानं शिकतो. मागचं बिल्ड टूल आठवतंय का? त्याच्यात ते फिरतं चाक होतं. तुम्हाला दिसायला लई गोजिरं. माझ्या कानात, सात टक्के, आठ टक्के, नऊ टक्के, शंभर होईस्तोवर डोकं भणाणून जायचं. अन् चुकलं की शब्दात सांगायचं न्हाई, नुसतं लाल करून ठेवायचं. लाल! मला! अन् तुमची फाइल उघडली की पहिल्या ओळीत ॐ नमः शिवाय. ते ठीक, अप्पाची इच्छा हाय, माझा जप होतो. पण त्याच्या खाली लग्नपत्रिकेवानी चांदण्यांची झालर कशाला? हे मशीन एकेक चांदणी वाचतंय. स्टार, स्टार, स्टार, स्टार. फाइल उघडली की चांदण्या, मिटली की चांदण्या. खुणा वाचणं बंद करावं तर कोडमधले कंस पण गिळतंय. तरी मी एका शब्दानं बोललो का?

स्वप्नाली: बोललाव की! रोज बोलताव! मलाच बोलताव!

दयानंद: तुला कवा?

स्वप्नाली: सकाळपासून संध्याकाळपर्यंत! स्वप्नाली, लाल कुठं झालंय बघ गं. स्वप्नाली, ते चाक थांबलं का बघ गं. स्वप्नाली, हे एवढं वाचून दाखव गं. मी माझं काम हातातलं सोडून उठते. परत येऊन बसते तर कुठं होते तेच आठवंना. अण्णा म्हणतेत, तुझं काम मागं पडायलंय. घरी आई म्हणती, उदगीरला मास्तरकी धरली असती तर बरं झालं असतं. कुणाकुणाचं ऐकू? मला पण कंटाळा येतो, दयाभाऊ. शनिवारी अण्णा म्हणाले, दयाची चिठ्ठी नको. मी तोंडातनं हूं का चूं केलं न्हाई. वाटलं, चला, आता उद्यापासून कुणी हाक मारणार न्हाई. वाईट वाटलं तर वाटू द्या. खरं हाय ते.

दयानंद: वाईट वाटलं. पण तुझं खरं हाय. मला पण लाज वाटती गं तुला हाक मारायची. हाक मारायच्या आधी मी दोन-तीनदा स्वतः बघतो, जमतंय का, मग मारतो. म्हणून तर मार्चपासून ओरडून राहिलो, ते साधं बिल्ड टूल घ्या. दिसायला ओबडधोबड हाय, त्यात चाक न्हाई, रंग न्हाई. चुकलं की सरळ सांगतंय, अमक्या फाइलीत, अमक्या ओळीत, अमकं चुकलं. अन् त्याच्यासंगं माझा जुना एडिटर. ते दोन्ही असते तर तुला कशाला उठवलं असतं मी?

स्वप्नाली: म्हणजे तुमच्या चिठ्ठीत हेच असतं?

दयानंद: हेच. दुसरं काय? मी काय नवाबाचा पलंग मागून राहिलो?

स्वप्नाली: अय्यो. म्हणजे तुमची चिठ्ठी निघाली असती तर सुटका माझीच झाली असती.

महांतेश: झालं? दोघांचं झालं असेल तर कामाला लागा. जे निघालं ते निघालं. अप्पांनी दिवा लावला, विभूती लावली, मग पोरानं उचलली. एकदा उचललेला कौल बदलायचा नसतो. मी आता खाली जाऊन काय सांगू? देवाचं चुकलं?

दयानंद: देवाचं काय चुकलं? त्याला तुम्ही माझं इचारलंच न्हाई.

महांतेश: शब्दात पकडू नको.

स्वप्नाली: अण्णा, एक सांगू का? काल मी दयाभाऊचा पाळीचा कोड वाचायला घेतला. आता माझ्याकडं आलाय म्हणलं, बघावं.

महांतेश: मग?

स्वप्नाली: चाकूरच्या गटाचं मळणीयंत्र एक, शेतकरी पन्नासेक. कुणाच्या रानात आधी जायचं त्याच्या चिठ्ठ्या आपलं ॲप टाकणार. मी गंमत म्हणून सगळ्यांची नावं भरली अन् एक सोडलं. बटन दाबलं. ते चिठ्ठी उचलंनाच. म्हणतंय, एक नाव राहिलं आहे, पाळी लावता येत नाही.

महांतेश: तसंच पाहिजे ते. मीच सांगितलं होतं दयाला. गेल्या साली गटातल्या त्या केरबाची चिठ्ठी टाकायची राहिली अन् पठ्ठ्या यंत्रापुढं आडवा झोपला. पोरं-सोरं, बायका, सगळं गाव जमा झालं. अध्यक्षानं हात जोडले तरी उठंना. म्हणायला लागला, मी वाटेकरी हाय का न्हाई तेवढं सांगा, मग घाला अंगावरनं. शेवटी काढलेल्या सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या अन् नव्यानं…

स्वप्नाली: हां. बोला की पुढं, अण्णा.

महांतेश: नव्यानं टाकल्या.

दयानंद: महादेवापुढंच टाकल्या होत्या ना त्या पण? गावच्या देवळात?

महांतेश: बास, दया. कळलं मला.

दयानंद: मी न्हाई आडवा झोपणार. माझी कंबर दुखती रेल्वेच्या बाकड्यानं.

महांतेश: बास म्हणलं ना. आज संध्याकाळी परत टाकू. तुझी पण टाकू. सगळ्यांसमोर. मग तरी झालं?

दयानंद: न्हाई.

महांतेश: आता काय न्हाई?

दयानंद: चिठ्ठी नको मला. निघाली तरी ती वाचून कोण दाखवणार, परत स्वप्नालीच. अण्णा, ऐका. यंत्र आधी कुणाच्या रानात जावं, त्याला चिठ्ठी बरी. तिथं समदी रानं सारखी, समद्यांचं सोयाबीन पिकलेलं. कुणाचं तरी आधी, कुणाचं तरी मागनं. इथं तसं हाय का? तुम्हा दोघांना कुठल्याबी एडिटरमधी लिहिता येतंय. आवडलं, न्हाई आवडलं, एवढंच. मला एकाच एडिटरमधी येतंय. यात देवाला कशाला तसदी देता? हे तर तुम्हीच ठरवायचं. मी या टेबलावर पाहिजे का नको, तेवढं.

महांतेश: नको असतास तर घेतला असता का तुला?

दयानंद: घेतलं तवा घेतलं. आज इचारून राहिलो.

महांतेश: तू फोनवर गेलास तर सगळं सोपं होतं रे. मला सोपं झालं असतं. तेवढंच बघितलं मी. कटकट नको, एवढंच डोक्यात होतं.

दयानंद: ठाऊक हाय.

महांतेश: पाळीचा भाग तुझ्याइतका कुणी डोक्यात धरला नाही, हे मला कळतंय. कळून पण… छे! माझंच डोकं फिरलंय. स्वप्नाली, याच्या मशीनवर जुना एडिटर परत टाक.

स्वप्नाली: यांच्याच?

महांतेश: तिघांच्या. अन् ते ओबडधोबड बिल्ड टूल. दया सांगेल तसं बसव.

स्वप्नाली: अन् फोन कोण उचलणार?

महांतेश: पाळीनं उचलू. तिघं.

दयानंद: त्याच्या चिठ्ठ्या टाका पाहिजे तर.

महांतेश: टोमणे आता संध्याकाळी मार. मी खाली जातो. अप्पा काय म्हणतील देव जाणे. दुकानात गिऱ्हाईक असलं म्हणजे बरं, चारचौघांत जरा कमी बोलतात.

स्वप्नाली: सांगा त्यांना, केरबा झोपला होता म्हणून.

महांतेश: गप गं तू. लागा कामाला.

दयानंद: गेले का?

स्वप्नाली: गेले. जिन्यात उभे हायत. जाईनात खाली.

दयानंद: जातील. बापाची बोलणी खायला कुणाचे पाय लवकर उचलतेत?

स्वप्नाली: दयाभाऊ, मी मघाशी लई बोलले.

दयानंद: बोललीस ते बरं केलंस. कोंडून ठेवलं असतंस तर पुढच्या वेळेस पण माझी चिठ्ठी राहिली असती.

स्वप्नाली: न्हाई राहणार. थांबा, झालं बघा. जुना एडिटर आला. कुठली फाइल उघडू?

दयानंद: पाळीचीच उघड. आवाज मोठा कर जरा.

(लॅपटॉप बोलू लागतो.)

लॅपटॉप: ओम नमः शिवाय. स्टार. स्टार. स्टार. स्टार. स्टार. स्टार.

स्वप्नाली: अय्यो, किती या चांदण्या! खरंच डोकं उठतंय की. थांबा, पुसूनच टाकते.

दयानंद: आजच्या दिवस राहू दे, स्वप्नाली. सकाळपासून मुकं होतं ते, वाचू दे त्याला.